न झालेली लढाई

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप मेळाव्याच्या समितीकडून आला, तेव्हा आधी वाटलं की शाळेच्या आठवणीच लिहाव्यात. पण पिंपळाखालची मधली सुट्टी, ओल्या छड्या आणि स्नेहसंमेलनात आयत्या वेळी विसरलेले संवाद यांवर बाकीचे मित्र लिहिणारच आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिणार आहेत. माझ्याकडे एक राहून गेलेला गृहपाठ आहे. तोच इथे लिहून देतो.

नववीत इतिहासाच्या तासाला सरांनी विचारलं होतं, "पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात नागपूरकर मुधोजी भोसल्यांनी तीस हजारांची फौज बंगालच्या दिशेने पाठवली. ती फौज इंग्रजांशी एकही लढाई न करता परत आली. का?" मी हात वर केला आणि उत्तर ठोकून दिलं, "फितूर झाले, सर!" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "फितूर हा शब्द लिहायला फार सोपा आहे. पुरावा घेऊन ये, मग लिही," एवढंच म्हणाले आणि पुढच्या धड्याकडे वळले. मी पुरावा काही नेला नाही. परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही, म्हणून विसरूनही गेलो.

नोकरीतून मोकळा झाल्यावर वाचन पुन्हा सुरू झालं आणि तो प्रश्न समोर येऊन उभा राहिला. वाचत गेलो तसं लक्षात आलं की हा प्रश्न दूरच्या नागपूरचा नाही, आपल्या दाराशी येऊन थांबणारा आहे. त्या काळी वऱ्हाडात दुअंमली होती. मुलूख म्हणायला निजामाचा, पण महसुलातला मोठा वाटा नागपूरकर भोसल्यांचा. गावोगावी दोन्ही सरकारांची माणसं वसुलीला यायची. सातपुड्याच्या पायथ्याची आपली गावंही त्यातलीच. नागपूरच्या वाड्यात जे ठरायचं त्याची झळ इथल्या कास्तकाराला लागायचीच.

तर मुधोजी. १७५१ मध्ये त्यांचे वडील पहिले रघूजी यांनी बंगालच्या अलिवर्दीखानाकडून ओरिसा आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई मिळवली. त्याआधी जवळपास १० वर्षं नागपूरच्या घोडदळाने बंगालवर स्वाऱ्या केल्या होत्या. कोलकात्याच्या लोकांनी १७४२ मध्ये त्या भीतीपोटी शहराभोवती खंदक खणायला घेतला. 'मराठा खंदक' हे नाव कोलकात्याच्या इतिहासात अजून टिकून आहे. बंगाली घरांत 'बर्गी' म्हणून मुलांना ज्यांची भीती घालत, ते हे आपले बारगीर. आपण शाळेत हा भाग अभिमानाने शिकलो. जळालेल्या गावांच्या बाजूनेही तो वाचायला हवा, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे १७५७ ची प्लासी आणि १७६४ ची बक्सारची लढाई झाली. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली आणि चौथाई बंद झाली. तेव्हापासून ही थकबाकी नागपूरच्या मनात सलत होती.

आता पुण्याशी असलेलं नातं पाहा. नागपूरकर भोसले आणि पेशवे यांचं कधीच धड पटलं नाही. मुधोजींचे थोरले भाऊ जानोजी कधी निजामाच्या बाजूला जात, कधी पेशव्यांच्या. शेवटी १७६९ मध्ये थोरल्या माधवरावांनी नागपूरवर स्वारी केली, शहर लुटलं गेलं आणि कनकापूरच्या तहात जानोजींना नमावं लागलं. जानोजी १७७२ मध्ये वारले. मग मुधोजी आणि साबाजी या दोघा भावांत वारसाहक्काचा झगडा पेटला. १७७५ च्या सुरुवातीला नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत साबाजी मारले गेले. जानोजींनी दत्तक घेतलेला दुसरा रघूजी हा मुधोजींचाच मुलगा. त्याच्या नावाने मुधोजी कारभार पाहू लागले. सावत्र भावाचं रक्त सांडून मिळालेली ही सत्ता होती, आणि तिला पुण्याची मान्यता टिकवून ठेवायची होती. हे विसरलं तर पुढचं कोडं सुटत नाही.

१७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज शरण आले आणि नाना फडणीसांनी मोठा डाव मांडला. पुणे, हैदरअली, निजाम आणि नागपूर अशा चौघांनी चारी बाजूंनी एकाच वेळी इंग्रजांवर उठायचं. हैदरने कर्नाटकात, निजामाने उत्तर सरकारांत, पुणेकरांनी गुजरात-कोकणात आणि भोसल्यांनी बंगालमध्ये. कागदावर यापेक्षा चांगला बेत अठराव्या शतकात कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

नागपूरकरांपुढे पेच पडला. 'नाही' म्हणावं तर पुणे आणि निजाम दोघेही अंगावर येणार, आणि पश्चिमेला वऱ्हाडाचं दार तर सताड उघडं. 'हो' म्हणून खरंच बंगालवर चालून जावं तर कंपनीशी उघड युद्ध, आणि त्यात पहिला जाणार तो ओरिसा. वॉरन हेस्टिंग्जने आधीपासूनच गळ टाकलेला होता. साताऱ्याच्या गादीवर भोसले म्हणून तुमचाच हक्क, असं तो मुधोजींना सुचवत होता. १७७८ मध्ये त्याने अलेक्झांडर इलियट नावाचा वकील नागपूरला धाडला, पण तो वाटेतच सारंगडच्या बाजूला आजारी पडून मेला. साताऱ्याच्या त्या गोड गळाला मुधोजी लागले नाहीत, ही त्यांच्या बाजूने नोंदवायची पहिली गोष्ट.

मुधोजींनी केलं काय, तर दोघांनाही 'हो' म्हटलं. नागपूर दरबारचे जुने मुत्सद्दी दिवाकरपंत चोरघडे यांचं डोकं यामागे होतं. १७७९ च्या ऑक्टोबरात मुधोजींचा धाकटा मुलगा चिमणाजी ३०,००० फौज घेऊन कटकला निघाला. पुण्याला कळवलं, स्वारी निघाली. कोलकात्याला आतून कळवलं, ही स्वारी देखाव्याची आहे, लोकलाजेसाठी आहे, घाबरू नका. कोलकात्यात भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित बसलेले होते आणि हेस्टिंग्जचा त्यांच्यावर भरवसा होता. फौज कटकला पोचली १७८० च्या मे महिन्यात. सात महिने! घोडदळाला रमतगमत गेलं तरी दोन महिन्यांची ती वाट. आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत एखाद्याला काम टाळायचं असलं की तो बैल शोधायला जातो आणि संध्याकाळी परत येतो. तसलाच हा प्रकार, फक्त ३०,००० माणसांचा.

पण फौज काही बैल शोधत नव्हती. तिला रोज दाणा-वैरण लागत होती, पगार थकले होते, कटकमध्ये धान्य मिळेना. सोंग आणायला निघालेली फौज पोटासाठी खरंच बंगालात घुसेल अशी वेळ आली. चिमणाजी ओरिसातल्या ढेंकानाळच्या राजावर चालून गेला आणि तिथे मात्र खरी लढाई झाली. ब्रजनाथ बडजेना या ओडिया कवीने तिच्यावर 'समर तरंग' नावाचं काव्य रचलं. नागपूरची आणि इंग्रजांची लढाई टळली खरी, पण तिची किंमत ढेंकानाळच्या लोकांनी मोजली. मुधोजींची बाजू मांडताना मला हे लपवायचं नाही.

तेवढ्यात दक्षिणेत हैदर उसळला. १७८० च्या जुलैत तो कर्नाटकात उतरला आणि सप्टेंबरात पोल्लिलूरला बेलीची पलटण त्याने कापून काढली. मद्रास हादरलं. हेस्टिंग्जला बंगालमधून मदत पाठवायची होती आणि जमिनीची वाट एकच होती, भोसल्यांच्या ओरिसातून. चिमणाजीची फौज नेमकी त्याच वाटेवर बसलेली. सात महिन्यांच्या रेंगाळण्याची किंमत आता कळली. हेस्टिंग्जने आधी तीन लाख रुपये पाठवले. १७८१ च्या सुरुवातीला कर्नल पिअर्सची तुकडी ओरिसातून दक्षिणेकडे निघाली. तिला कोणी अडवलं नाही. एप्रिलमध्ये करार झाला. आणखी १३ लाख रुपये, वर १० लाख कर्ज, आणि चिमणाजीने मागे फिरायचं. जी चौथाई १५ वर्षं मागून मिळाली नव्हती, तिच्यातली काही वर्षांची रक्कम गोळी न झाडता वसूल झाली. अर्थात हेस्टिंग्जने तिला चौथाई म्हटलं नाही आणि मुधोजींनी लाच म्हटलं नाही. मुत्सद्देगिरीत पैशाचं नाव कोणी घेत नाही, रक्कम तेवढी मोजून घेतात.

पुण्याला काय वाटलं असेल? नानांचा चौरंगी डाव दोन पायांवर आला. निजामही जागचा हलला नव्हता. पुणे आणि हैदर लढत राहिले. पिअर्सची तुकडी मद्रासच्या बाजूला सर आयर कूटला जाऊन मिळाली आणि हैदरची घोडदौड थांबवायला तिचा उपयोग झाला. १७८२ च्या मे महिन्यात महादजी शिंद्यांनी सालबाईचा तह घडवून युद्ध मिटवलं. चौघे खरोखर एकत्र उठले असते तर कंपनीचं काय झालं असतं, हा प्रश्न मलाही सतावतो. नववीतला मी 'फितूर' म्हणालो ते याच रागातून.

याच सुमाराला अमेरिकेच्या इतिहासावरचं एक पुस्तक हाती आलं आणि त्यात मुधोजींचा दूरचा भाऊबंद भेटला. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स. १७९७ मध्ये ते खुर्चीवर आले तेव्हा फ्रान्स अमेरिकेची व्यापारी जहाजं धरत होता. ॲडम्सनी बोलणी करायला तीन वकील पॅरिसला पाठवले. तिथे फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँच्या माणसांनी आधी मोठी लाच आणि वर फ्रान्सला कर्ज मागितलं. ही बातमी फुटली आणि अमेरिकेत युद्धाची हाक उठली. ॲडम्सच्याच पक्षातले मोठे पुढारी युद्धासाठी उतावीळ झाले. ॲडम्सनी नौदल उभं केलं, समुद्रावर चकमकी होऊ दिल्या, पण युद्ध जाहीर केलं नाही. १७९९ मध्ये आपल्याच मंत्र्यांना न विचारता त्यांनी पुन्हा वकील नेमला. ३० सप्टेंबर १८०० ला फ्रान्सशी करार झाला. त्याच वर्षी ॲडम्स निवडणूक हरले. करार झाल्याची बातमी घरी पोचायला फार उशीर झाला होता. पण लढाई टाळली याचा त्यांना पुढे आयुष्यभर अभिमान वाटला.

दोघांत फरक आहेतच. ॲडम्स एका नव्या देशाचे निवडून आलेले अध्यक्ष, मुधोजी एका घराण्याचे कारभारी. ॲडम्सच्या लोकांकडे लाच मागितली आणि त्यांनी दिली नाही, मुधोजींनी पैसे घेतले. पण दोघांची मूळ अडचण एकच होती. समोर बलाढ्य शत्रू, घरात युद्धाचा आग्रह धरणारे आपलेच लोक, आणि हातात अपुरं बळ. दोघांनीही बळ दाखवलं आणि वापरलं नाही. आणि दोघांनीही या सगळ्यातून मिळवला तो वेळ.

वेळेचं काय केलं, इथे वाटा वेगळ्या होतात, आणि इथेच गोष्ट आपल्या गावाजवळ येते.

मुधोजी १७८८ मध्ये वारले. १७८१ च्या करारानंतर २२ वर्षांनी, १८०३ मध्ये, तोच पेच त्यांचा मुलगा दुसऱ्या रघूजींपुढे उभा राहिला. वसईच्या तहाने पेशवा इंग्रजांच्या पदरी गेला होता. रघूजी फौजेसह निघून जून महिन्यात मलकापूरच्या बाजूला, निजामाच्या सरहद्दीजवळ दौलतराव शिंद्यांना येऊन मिळाले. मलकापूर! आपण ज्या स्टेशनावर गाड्यांची वाट पाहत बसायचो त्याच्या आसपास हिंदुस्थानचं युद्ध की शांतता हे ठरत होतं. इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीत होता. तो विचारी, तुमचा इरादा काय? शिंद्यांचं उत्तर असे की भोसल्यांशी भेट झाल्यावर लढाई की सलोखा ते कळवू. भेट झाली, तरी उत्तर मिळेना. जून गेला, जुलै गेला, पाऊस सुरू झाला. आर्थर वेलस्लीची मागणी होती की शिंद्यांनी नर्मदेपलीकडे जावं आणि भोसल्यांनी आपल्या मुलखात परतावं. या दोघांचं म्हणणं, आधी तुमच्या फौजा मुंबई, मद्रास आणि श्रीरंगपट्टणला परत न्या, मग आम्ही बऱ्हाणपूरला मागे सरतो. कोणीच आधी पाऊल मागे घेईना. ३ ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून निघाला आणि तीन दिवसांत युद्ध जाहीर झालं.

मुधोजींच्या आणि रघूजींच्या रेंगाळण्यात मला एक फरक दिसतो. मुधोजी रेंगाळले तेव्हा त्यांच्या हातात समोरच्याला हवी असलेली एक गोष्ट होती, ओरिसाची वाट, आणि समोरचा दुसऱ्याच आगीत होरपळत होता. रघूजी रेंगाळले तेव्हा वेलस्लीला कसलीच घाई नव्हती. उलट तो नगरच्या किल्ल्यावर झेप घ्यायला पावसाची उघडीप पाहत होता. हैदर नव्हता, टिपूही नव्हता. यशवंतराव होळकर बाजूला बसून पाहत होते. बापाची युक्ती मुलाने वापरली, पण तिच्या मागचं काहीच उरलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २३ सप्टेंबरला असई. १४ ऑक्टोबरला इंग्रजांनी कटक घेतलं, म्हणजे ज्या वाटेसाठी हेस्टिंग्जने पैसे मोजले होते ती वाट आता फुकट मिळाली. नोव्हेंबरात शिंद्यांनी वेगळी तहकुबी केली, भोसले एकटे पडले. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगाव आणि सिरसोलीच्या शिवारात भोसल्यांची फौज रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली उभी राहिली. आपल्या सोनाळ्याहून पूर्वेला वान नदी ओलांडून हिवरखेडवरून अकोटच्या वाटेला लागलं की हे अडगाव येतं. लढाई दुपार उलटल्यावर सुरू झाली. मराठ्यांच्या तोफांनी सुरुवातीला इंग्रजांच्या तीन पलटणी उधळल्या. वेलस्लीला स्वतः धावून त्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. अंधार पडेपर्यंत सगळं संपलं. ३८ तोफा गेल्या आणि पाठलाग चांदण्यात चालला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. १७ डिसेंबरला देवगावच्या छावणीत तह झाला. ओरिसातलं कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. नरनाळा आणि गाविलगड मात्र भोसल्यांकडे ठेवले आणि त्यांच्या खर्चाला चार लाखांचा मुलूख जोडून दिला. त्या मुलखात अकोट होतं आणि अडगावही होतं. म्हणजे जिथे हरले तेच रान त्यांना परत मिळालं. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो.

दोन वर्षांपूर्वी गावी आलो होतो, तेव्हा मुद्दाम अडगावला गेलो. तूर फुलोऱ्यावर होती. एका शेतकरी काकांना लढाईची जागा विचारली. त्यांनी कपाशीतून हात उचलून चारी दिशांना फिरवला, "हे सारंच हाय." मग म्हणाले, "पाहाले येतेत लोकं कधी कधी. थांबत नाहीत." मी तास-दीड तास थांबलो. उत्तरेला सातपुडा दिसत होता, आपल्या शाळेच्या खिडकीतून दिसायचा तोच.

तिथे बांधावर बसून सरांच्या प्रश्नाचं उत्तर मनाशी जुळवलं. मुधोजी नानांशी खरे वागले नाहीत, हे खरं. दिलेला शब्द त्यांनी मोडला, आणि तेही पैसे घेऊन. पण १७८० साली बंगालची शेतं चौथ्या पिढीच्या डोळ्यांदेखत पुन्हा जळाली नाहीत, ओरिसा आणखी २२ वर्षं राहिला, आणि वऱ्हाडात जी लढाई १८०३ ला आली ती तेव्हा आली नाही. शिंदे, होळकर, भोसले आणि पुणे यांनी ती २२ वर्षं एकमेकांशी भांडण्यात घालवली, हा दोष एकट्या मुधोजींच्या माथी मारता येत नाही. त्यांना मी मुत्सद्दी म्हणेन, विश्वासू म्हणणार नाही. 'फितूर' हा शब्द मात्र मागे घेतो.

सर, पुरावा आणायला फार उशीर झाला. मेळाव्याच्या दिवशी पहिल्या रांगेत बसाल तेव्हा वही तपासायला घेऊन येईन. आणि मित्रहो, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांना परतीची घाई नाही त्यांनी थांबावं. दोन जीपगाड्या केल्या तर सगळे मावतो. हिवरखेडला चहा घेऊ, उन्हं चढायच्या आत अडगावला पोचू आणि दुपारच्या जेवणाला सोनाळ्यात परत. नावं मेळाव्याच्या समितीकडे द्या.